चाकांवरची ब्रेकची धूळ आणि फवारायची कोटिंग: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

गाडी धुताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त काळी निघतात. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढच्या ब्रेकवर येतं, म्हणून झीजही तिथेच जास्त होते. शिवाय अनेक छोट्या गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम असतात, आणि ड्रमची धूळ बरीचशी त्याच्या पोटातच राहते.

ही धूळ साध्या पाण्याने पूर्ण जात नाही, जोरात घासली तर चाकावर ओरखडे उठतात, आणि तशीच राहू दिली तर ती चाकात रुतते. यावर घरच्या घरी करता येण्यासारखा चांगला उपाय म्हणजे चाक एकदा मनापासून स्वच्छ करून त्यावर फवारणीची कोटिंग देणं. काम अवघड नाही. मात्र त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: चाक खरोखर स्वच्छ हवं, आणि फवारा ब्रेकवर जाता कामा नये. हा लेख मुख्यतः या दोन गोष्टींबद्दल आहे, कारण कोटिंग मारणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

धूळ चाकाला धरते कशी

बहुतेक गाड्यांची ब्रेक डिस्क ओतीव लोखंडाची असते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी पॅड आवळले की पॅड झिजतो आणि त्याबरोबर डिस्कचं लोखंडही झिजतं. पॅडमध्ये रेझिन, ग्रॅफाइट, धातूचे तंतू किंवा चुरा, घर्षण वाढवणारी खनिजं असं बरंच काही दाबून एकजीव केलेलं असतं. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये धातूचं प्रमाण मोठं असतं, त्यामुळे त्यांची धूळ काळी आणि चिवट. सिरॅमिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पॅडची धूळ कमी आणि रंगाने फिकट असते, म्हणून चाकावर ती डोळ्यांत भरत नाही.

डिस्कवरून सुटलेला कण गरम असतो. तो चाकाच्या वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे लॅकरवर, बसतो आणि तिथेच चिकटतो. मग त्यावर पाणी पडतं. कणातलं लोखंड गंजतं, गंजताना फुगतं आणि लॅकरला आणखी घट्ट धरतं. धुतल्यावरही न जाणारे केशरी-तपकिरी ठिपके दिसतात ते हेच. महिनोन्‌महिने असं चाललं की लॅकर खरखरीत आणि निस्तेज होतो. जिथे ओरखडा असेल तिथून ओल ॲल्युमिनियमपर्यंत पोचते आणि लॅकरखाली पांढरट गंज पसरू लागतो. एकदा हे झालं की कोणतीही बाटली ते दुरुस्त करू शकत नाही. चाक नव्याने रंगवून घ्यावं लागतं.

कोटिंग या साखळीत पहिल्याच कडीवर काम करते. ती लॅकरवर एक गुळगुळीत, पाणी झटकणारा थर देते. धूळ तेवढीच उडते, चाकावर बसतेही, पण ती लॅकरऐवजी या थरावर बसते आणि पाण्याच्या झोताने, फार तर मऊ ब्रशने, सुटते. कोटिंगनंतर चाक काळं होणारच नाही अशी अपेक्षा ठेवू नका. महिनाभर न धुता चाक लख्ख राहील असं बाटलीवर सुचवलेलं असलं तरी तसं होत नाही. फरक धुताना कळतो: ज्या चाकाला आधी पाऊण तास लागत होता, ते काही मिनिटांत निघतं.

बाजारात काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

पहिला प्रकार स्प्रे वॅक्सचा. लावायला सोपं, दिसायला छान, पण चाकांसाठी कच्चं. त्यात बहुधा कार्नौबा हे वनस्पतिजन्य मेण असतं आणि ते ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं. लांब उतारावर लागोपाठ ब्रेक वापरले की डिस्क याच्या कितीतरी पट तापते, आणि ती उष्णता हबमधून (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि हवेतून चाकापर्यंत येते. वरून धुण्याचं साबण. त्यामुळे चाकावरचं मेण काही आठवड्यांतच निघून जातं.

दुसरा प्रकार पॉलिमर किंवा सिलिका असलेल्या स्प्रे सीलंटचा. यातही दोन तऱ्हा आहेत. एक कोरड्या चाकावर फवारून कापडाने पसरवायचा आणि पुसायचा. दुसरा ओल्या चाकावर फवारून लगेच जोरदार पाण्याने धुऊन टाकायचा. दोन्ही काही महिने टिकतात, आणि संपले की पुन्हा मारायला कष्ट नाहीत.

तिसरा प्रकार सिरॅमिक कोटिंगचा. ही बहुधा छोट्या बाटलीत येते आणि स्पंजच्या ठोकळ्यावर घेऊन लावली जाते, पण स्प्रेमध्येही मिळते. सिलिकॉन डायऑक्साइड किंवा पॉलिसिलाझेनसारख्या रसायनांवर ती आधारलेली असते आणि सुकल्यावर कडक, पातळ थर होतो. नीट लावली तर वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकते. नीट न लावलेली मात्र डागांसकट टिकते, आणि ते डाग काढायला पॉलिश करावं लागतं.

चौथा प्रकार सोलून काढता येणाऱ्या रबरी रंगाचा. हे खरं तर चाकाचा रंग बदलण्याचं साधन. चार-सहा थर मारावे लागतात, नाहीतर सोलताना तुकडे पडतात. पृष्ठभाग किंचित खडबडीत राहतो, म्हणून धूळ त्यावर उलट जास्त धरते. नुसत्या धुळीपासून बचावासाठी मी हा सुचवणार नाही.

पहिल्यांदा करत असाल तर पुसायचा सिलिका स्प्रे सीलंट घ्या. चूक झाली तर पुन्हा थोडा फवारा मारून पुसलं की सुधारते. हात बसला, आणि कधी टायर बदलायच्या निमित्ताने चाकं खोललेली असली, की सिरॅमिक करा. चाक गाडीवरून उतरलेलं असताना त्याची आतली बाजू हाताशी येते, आणि सगळ्यात जास्त धूळ तिथेच साचते.

स्वयंपाकाचं तेल, साधा सिलिकॉन स्प्रे किंवा गंज सोडवायचा तेलकट स्प्रे चाकावर मारायचे सल्ले सर्रास दिले जातात. ते मानू नका. तेलावर धूळ जास्त चिकटते, आणि तेलाचा थेंब डिस्कवर गेला तर गाडी वेळेवर थांबणार नाही.

आधी आपलं चाक ओळखा

बहुतेक अलॉय चाकांवर रंग आणि त्यावर पारदर्शक लॅकर असतो. अशा चाकांना वरचे सगळे प्रकार चालतात. पावडर कोट केलेलं, म्हणजे रंगाची भुकटी लावून भट्टीत पक्कं केलेलं, चाकही असंच वागतं.

डायमंड कट चाकांशी जरा जपून वागा. त्यांचा दर्शनी भाग लेथवर कापून चमकवलेला असतो आणि त्यावर नुसता लॅकर असतो. कापलेल्या धारांपाशी हा लॅकर पातळ असतो. तिथे टवका उडाला की पांढऱ्या किड्यासारख्या रेषा आत सरकू लागतात. अशा रेषा आधीच दिसत असतील तर त्यांच्यावर कोटिंग मारून गंज थांबणार नाही.

लॅकर नसलेलं, उघडं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम फार नाजूक. तीव्र आम्लाचे आणि तीव्र अल्कलीचे दोन्ही क्लीनर त्याला डाग पाडतात. ॲनोडाइज केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा थर दिलेल्या, चाकांचंही तेच. ओळखायचं कसं? आडोशाच्या जागी कापडावर थोडं मेटल पॉलिश घेऊन घासा. कापड लगेच काळं झालं तर धातू उघडा आहे. लॅकर असेल तर काळं होत नाही.

मॅट चाकांवर साधं वॅक्स किंवा चकाकी देणारं सीलंट लावू नका, ठिकठिकाणी तेलकट चमक दिसते आणि ती जाता जात नाही. मॅट पृष्ठभागासाठी वेगळी कोटिंग मिळते. पत्र्याची चाकं आणि त्यांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या यांनाही स्प्रे सीलंट खुशाल मारा. टोपी काढून मारली तर सगळं काम बसल्या जागी होतं.

चाक नुकतंच रंगवून आणलं असेल तर रंगवणाऱ्याला विचारा की ते भट्टीत पक्कं केलं आहे की हवेवर वाळवलं आहे. हवेवर वाळवलेल्या रंगातलं द्रावण पूर्ण उडायला काही आठवडे लागतात. तोवर त्यावर कडक थर देऊ नये.

कामाला लागणारं सामान

बादल्या दोन: एक शॅम्पूच्या पाण्याची, एक ब्रश खंगाळायची. चाकांचं सामान गाडीच्या रंगासाठी पुन्हा वापरायचं नाही, ब्रशमध्ये अडकलेला लोखंडाचा चुरा बॉनेटवर ओरखडे काढील. मऊ केसांचा मोठा ब्रश, आऱ्यांच्या मागे जाणारा लांब लवचीक ब्रश, नटांच्या खाचांसाठी छोटा ब्रश. पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) शॅम्पू किंवा व्हील क्लीनर. आयर्न रिमूव्हर, म्हणजे रुतलेले लोखंडाचे कण सोडवणारं द्रावण. डांबराचे ठिपके असतील तर टार रिमूव्हर. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून, किंवा तयार पॅनेल वाइप. मायक्रोफायबरची पाच-सहा कापडं. रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि धूळ कोरडी असेपर्यंत मास्क. मास्क सांगतोय तो उगाच नाही. ब्रेकची धूळ फुफ्फुसात खोल जाण्याइतकी बारीक असते, आणि फार जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. हवेच्या नळीने ती कधीही उडवू नका, आधी पाणी मारून बसवा.

पहिली पायरी: चाक थंड होऊ द्या

गाडी चालवून आल्यावर निदान तासभर थांबा. गरम डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकू शकते. गरम चाकावर क्लीनर सुकतो आणि डाग सोडतो, आणि कोटिंग पसरण्याआधीच तिचं द्रावण उडतं. हात टेकवून चाक नुसतं कोमट लागलं तरी अजून थांबा. जागा सावलीची हवी, आणि हवा फार गार किंवा फार दमट नको. १० ते २५ अंशांच्या आसपास काम सगळ्यात सोपं जातं.

दुसरी पायरी: धुणं, आणि पुन्हा धुणं

एका वेळी एकच चाक घ्या. चारही चाकांवर क्लीनर मारून ठेवला तर शेवटच्या चाकापर्यंत पोचेपर्यंत तो सुकलेला असतो.

आधी भरपूर पाण्याने सुटी धूळ काढा. चाकाचा दर्शनी भाग, आऱ्यांची पाठ, चाकाच्या आतली गोल भिंत, कॅलिपरची (डिस्कवर पॅड आवळणाऱ्या पकडीची) बाहेरची बाजू, नटांच्या खाचा, सगळीकडे झोत जाऊ द्या. मग शॅम्पूच्या पाण्याने ब्रश फिरवा. सुरुवात आतून करा आणि दर्शनी भागावर शेवटी या, नाहीतर आतली काळी घाण पुसलेल्या भागावर पुन्हा ओघळते. ब्रश दर थोड्या वेळाने खंगाळा. पुन्हा पाणी मारा.

आता आयर्न रिमूव्हर. यात बहुधा अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाशी संयोग पावतं आणि जांभळं-लालसर होतं. केस कुरळे करायच्या लोशनमध्येही हाच घटक असतो आणि वासही तसाच उग्र, म्हणून मोकळ्या हवेत काम करा. चाकावर सारखा फवारा आणि बाटलीवर सांगितलेला वेळ थांबा. साधारण तीन ते पाच मिनिटांत जांभळे ओघळ दिसू लागतील. ते पाहून समाधान वाटतं खरं, पण रंग बघत बसून द्रावण सुकू देऊ नका. मऊ ब्रशने हलवा आणि भरपूर पाण्याने धुवा. रुतलेली धूळ जुनी असेल तर दुसऱ्यांदा करावं लागेल. दुसऱ्या फेरीत जांभळा रंग फिका पडला म्हणजे लोखंड बहुतेक गेलं.

इथे घाई करण्याचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. कोटिंग ज्या पृष्ठभागावर बसते त्याच्याशीच ती बांधली जाते. तिच्याखाली लोखंडाचा कण राहिला तर तो आतल्या आत गंजत राहील आणि तुम्हाला तो काढताही येणार नाही.

काही स्वस्त आणि जहाल व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते कातडीतून आत शिरून गंभीर इजा करू शकतं, लागलं तेव्हा फारसं दुखत नसलं तरी. घरी वापरायची ही वस्तू नव्हे. लेबलवर ही नावं दिसली तर बाटली परत ठेवा.

डांबराचे काळे ठिपके राहिले असतील तर टार रिमूव्हर कापडावर घेऊन दाबून धरा, मग पुसा. शेवटी हातमोजा काढून ओल्या चाकावरून बोटं फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर झालं. खरखर लागली तर क्ले बारचा (रुतलेले कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीचा) छोटा तुकडा साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. तो तुकडा त्यानंतर टाकून द्या, गाडीच्या रंगावर नेऊ नका.

तिसरी पायरी: कोरडं करणं आणि तेलकटपणा काढणं

कापडाने पुसलं तरी नटांच्या खाचा, व्हॉल्व्हची मुळं आणि मधल्या टोपीची कड यांत पाणी लपून राहतं. तुम्ही कोटिंग लावत असताना ते बरोबर ओघळतं. धुऊन झालेल्या चाकावर ब्लोअर मारायला हरकत नाही, धूळ आता उरलेली नाही. ब्लोअर नसेल तर गाडी दहा-वीस फूट पुढे-मागे घ्या. चाक फिरलं की खाचांतलं पाणी बाहेर येतं.

मग अल्कोहोलचं पातळ द्रावण कापडावर घेऊन सगळा भाग पुसा. शॅम्पूतला चकाकीचा अंश, टार रिमूव्हरचं तेल, जुनं वॅक्स यामुळे निघतं. ओल्या चाकावर मारायच्या सीलंटसाठी ही पायरी वगळली तरी चालते. सिरॅमिकसाठी ती वगळून चालत नाही.

चौथी पायरी: ब्रेक झाका, मग कोटिंग

चाक गाडीवरच असेल तर आऱ्यांच्या फटीतून मागची डिस्क सरळ दिसते. फवारा थेट चाकावर मारला तर त्यातला बराचसा भाग डिस्कवर जाणार. म्हणून पुसायचं सीलंट असेल तर चाकावर फवारूच नका. कापडावर किंवा स्पंजवर दोन-तीन फवारे घ्या आणि हाताने लावा. एरोसोलच्या डब्यातली कोटिंग असेल आणि फवारण्याशिवाय इलाज नसेल, तर आऱ्यांमागे पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा कागद सरकवून डिस्क आणि कॅलिपर पूर्ण झाका, नाहीतर चाक उतरवा. ओल्या चाकावर मारून धुवायच्या सीलंटमध्येही फवारा तिरका धरा, डिस्ककडे जाऊ देऊ नका, आणि नंतर डिस्कवर भरपूर पाणी मारा.

चुकून डिस्कवर उडालंच तर ब्रेक क्लीनरचा स्प्रे आणि स्वच्छ कापड घेऊन डिस्कच्या दोन्ही बाजू पुसा. पॅड भिजला असण्याची शंका असेल तर गाडी रस्त्यावर न नेता मेकॅनिकला दाखवा. तेलकट द्रव शोषलेला पॅड बहुधा बदलावाच लागतो.

स्प्रे सीलंट लावताना चाकाचे मनातल्या मनात भाग पाडा: दोन आरे आणि त्यांच्यामधली जागा, मग पुढचे दोन. पातळ थर पसरवा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त ओघळ धरतो. चाक गाडीवर असेल तर हात पोचेल तेवढी आतली बाजूही करा, मग गाडी अर्धं चाक पुढे घ्या आणि कॅलिपरमागे राहिलेला भाग पूर्ण करा.

ओल्या चाकावरच्या सीलंटची रीत उलटी. चाक धुऊन ओलं असतानाच मोजकेच फवारे मारा आणि लगेच, म्हणजे खरोखर लगेच, पाण्याचा जोरदार झोत मारा. तो झोतच सीलंट सारखं पसरवतो. उशीर झाला की पांढरे डाग पडतात.

सिरॅमिक कोटिंगसाठी स्पंजच्या ठोकळ्यावर काही थेंब किंवा एक-दोन फवारे घ्या. आडवे हात, मग उभे हात. मिनिटभरात थरावर इंद्रधनुषी झाक किंवा बारीक घामासारखे ठिपके दिसतील; हवा गार असेल तर थोडा जास्त वेळ. ते दिसलं की एका कापडाने हलकेच समतल करा आणि दुसऱ्या स्वच्छ कापडाने पुसा. टॉर्च तिरपी धरून बघा. गडद पट्टा राहिला असेल तर तिथे थोडी ओली कोटिंग पुन्हा लावून लगेच पुसा. तासाभराने तो पट्टा पक्का झालेला असतो. वापरलेली कापडं कडक होतात, ती धुऊन पुन्हा वापरायच्या नादी लागू नका. दुसरा थर द्यायचा असेल तर उत्पादकाने सांगितलेली वेळ जाऊ द्या, बहुधा एक-दोन तास.

चाक उतरवून करायचं ठरवलं तर

मोबदला मोठा आहे, जबाबदारीही. गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर, हॅण्डब्रेक ओढलेला, गिअर पडलेला, उरलेल्या चाकांना अडणी लावलेली. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅक गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा, आणि उचलल्यावर स्टॅण्ड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. एका वेळी एकच चाक काढा आणि ते जुन्या जाड कापडावर ठेवा.

चाकाच्या आतल्या बाजूचा तो गोल भाग, जो हबला टेकतो, आणि नट बसायच्या शंक्वाकृती जागा, या दोन्हींवर कोटिंग लावू नका. तिथे धातूवर धातू घट्ट बसायला हवा. चाक परत बसवताना नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा, आणि शेवटी टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना) पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतके. छोट्या-मध्यम गाड्यांमध्ये तो साधारण ८० ते १४० न्यूटन-मीटरच्या मध्ये असतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेतूनच घ्या. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा.

चाक उतरलंच आहे तर आतली बाजू नीट बघा. एकाच जागी ग्रीस उडालेलं दिसलं तर ॲक्सलचा रबरी बूट फाटलेला असू शकतो. ओलसर चिकट डाग असेल तर ब्रेक ऑइल गळत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी कोटिंग बाजूला ठेवा.

पाचवी पायरी: सुकू देणं

स्प्रे सीलंटला तास-दोन तास पुरतात. सिरॅमिकला किमान १२ ते २४ तास पाण्यापासून दूर ठेवा आणि आठवडाभर साबणाने धुऊ नका, पूर्ण कडक व्हायला तिला तेवढा वेळ लागतो. गाडी चालवायला हरकत नसते, पाऊस नसावा एवढंच. धुतल्यानंतर डिस्कवर तांबूस गंजाची झाक आलेली दिसेल. ओतीव लोखंडावर ती तासाभरातही येते. मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात चार-सहा वेळा ब्रेक दाबला की निघून जाते, आणि डिस्क कोरडीही होते. ब्रेक नेहमीसारखा लागतोय याची खात्री याच वेळी करून घ्या, गर्दीत शिरण्याआधी.

टायरला चकाकी लावायची असेल तर ती शेवटी लावा, फक्त बाजूच्या भिंतीवर, जमिनीला टेकणाऱ्या भागावर कधीच नाही. जास्तीची पुसून घ्या, नाहीतर ती फिरत्या टायरवरून उडून नव्या कोटिंगवर बसते आणि धूळ धरते.

धूळ मुळात कमी करायची असेल तर

कोटिंग धूळ सोपी करते. कमी करायची तर ब्रेककडेच जावं लागतं. पुढच्या वेळी पॅड बदलताना तुमच्या गाडीसाठी मान्य असलेले कमी धुळीचे पॅड मिळतात का ते विचारा. आऱ्यांमागे बसवायच्या धूळरोधक चकत्या मिळतात, पण त्या डिस्कला मिळणारी गार हवा अडवतात, म्हणून मला त्या पटत नाहीत. पोर्शने २०१७ मध्ये कायेन गाडीच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा थर दिला. धूळ फारच कमी उडते हे दाखवायला कंपनीने त्या ब्रेकचे कॅलिपर पांढरे रंगवले होते. विजेच्या गाड्यांत मोटरच बरंचसं वेग कमी करण्याचं काम करते, त्यामुळे त्यांची चाकं स्वच्छ राहतात, डिस्कला मात्र वापर नसल्याने गंज चढतो.

हा प्रश्न आता दिसण्यापुरता उरलेला नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आली: इंजिनाच्या गाड्यांना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेच्या गाड्यांना ३. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१० मध्येच पॅडमधलं तांबं कमी करण्याचे कायदे केले, कारण रस्त्यावरून ओढ्यांत जाणारं तांबं जलचरांना घातक ठरतं. म्हणून चाकं धुतलेलं जांभळं-काळं पाणी पावसाच्या गटारात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. जिथलं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत जातं अशी जागा निवडा.

पुढची देखभाल

कोटिंग झाल्यावर जहाल क्लीनरची गरज उरत नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाण्याचा झोत, शॅम्पूचं पाणी, मऊ ब्रश, एवढंच. धूळ साचू देऊन महिन्याने धुतली तर कोटिंगवरही ती हळूहळू बसू लागते. आयर्न रिमूव्हर वर्षातून एक-दोनदा, तोही ठिपके दिसले तरच. त्याने मेणाचा थर आणि साधं सीलंट लवकर उतरतं.

दर धुण्याला दोन्ही पुढची चाकं शेजारी ठेवल्यासारखी ताडून बघायची सवय लावा. एक चाक दुसऱ्यापेक्षा सारखं जास्त काळं होत असेल तर त्या बाजूचा कॅलिपर अडकलेला असू शकतो आणि पॅड डिस्कला घासत राहिलेला असतो. त्या चाकाजवळ प्रवासानंतर जास्त उष्णता किंवा जळका वास जाणवला तर लगेच दाखवा.

कोटिंग कधी संपली हे पाणी सांगतं. चांगल्या थरावर पाण्याचे गोल थेंब होऊन पटकन घसरतात. संपलेल्या थरावर पाणी पसरतं आणि तिथेच थांबतं. पण निर्णय घेण्याआधी चाक एकदा नीट शॅम्पूने धुऊन बघा, कारण वरची घाण असली तरी थेंब होत नाहीत. धुतल्यावरही पाणी पसरत असेल तर स्प्रे सीलंट असेल तेव्हा सरळ पुन्हा एक हात मारा, जुना काढायची गरज नाही. सिरॅमिक असेल तर आयर्न रिमूव्हर आणि अल्कोहोल या दोन पायऱ्या पुन्हा करून मगच नवा थर द्या. सुरुवात पुढच्या दोन चाकांपासून करा, मागची बहुधा आणखी काही महिने थांबू शकतात.